म्यानातला गंज

हिमायतनगराचे, म्हणजे जुन्या वाढोण्याचे, नाव घेतले की परमेश्वराचे देवालय, महाशिवरात्रीची जत्रा, मुदखेडहून आदिलाबादकडे जाणारा रेल्वेमार्ग आणि विदर्भाची शीव आखीत वाहणारी पैनगंगा एवढ्या गोष्टी नांदेडकडच्या माणसाला आठवतात. दोन आसनांच्या, ठेंगण्या बांध्याच्या, केवळ वेगाच्या हौसेसाठी घडवलेल्या जुन्या विलायती मोटारींच्या चर्चेत या गावाचा उल्लेख यावा, असे वरकरणी काही कारण दिसत नाही. तरीही अशा मोटारीचा खरा वैरी जो गंज, आणि त्यातही डोळ्यांना न दिसता पत्र्याच्या पोटात वाढणारा जो गंज, तो आवरण्याच्या विद्येचा इतिहास लिहावयाचा झाल्यास त्याचा आरंभ याच टापूतून करावा, असे माझे मत आहे. कारण या गावाच्या आग्नेयेस निर्मळ-कोनसमुद्रमचा, एके काळी पोलादासाठी इराणपर्यंत गाजलेला मुलूख आहे, नैर्ऋत्येस शस्त्रांची नित्य बरदास्त ठेवणारे नांदेडचे तख्त आहे, आणि पायांखाली आहे ती ओल धरून ठेवण्यात जिचा हात कोणी धरू शकणार नाही अशी मराठवाड्याची काळी, चिकण माती.

पोलादापासून सुरुवात करू. निजामाबाद जिल्ह्यातील कोनसमुद्रम हे आज फारसे कोणाला माहीत नसलेले खेडे. परंतु लॅम्बटनच्या त्रिकोणमितीय मोजणीबरोबर दक्षिणेत हिंडणारा हेन्री वॉयझी हा वैद्य व भूगर्भशास्त्रज्ञ तेथे गेला, तेव्हा मातीच्या बंद मुशींत लोखंड घालून, भट्टीत प्रदीर्घ काळ तापवून आणि मग सावकाश निववून पोलादाच्या वड्या काढण्याचा उद्योग तेथे चालू होता, आणि त्या वड्या खरेदी करण्यासाठी खुद्द इराणातून व्यापारी येत असत. वॉयझी 1824 मध्ये वारला. त्याने केलेले वर्णन बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात 1832 मध्ये छापले गेले. ज्या पात्यांना युरोपीय लोक दमास्कसची म्हणून ओळखीत, त्यांच्यावरील पाण्याच्या लहरींसारखे जौहर दक्षिणेच्या या मुशींतून निघालेल्या पोलादाचे होते, ही गोष्ट आता धातुविद्येच्या अभ्यासकांत सर्वमान्य आहे.

या पोलादाचे गुणगान करताना एक गोष्ट मात्र बहुधा राहून जाते, ती ही की ते गंजत असे. त्यात कर्बाचे प्रमाण शेकडा दीडच्या आसपास. धार अप्रतिम, लवचिकपणा अप्रतिम, परंतु ओलसर हवेपुढे ते साध्या फाळाच्या लोखंडाइतकेच हतबल होते. दिल्लीच्या लोहस्तंभाचा दाखला येथे देण्याची प्रथा आहे, पण तो स्तंभ सुमारे 1600 वर्षे टिकला याची कारणे निराळी आहेत: त्याच्या लोखंडात स्फुरदाचे प्रमाण अधिक आहे, आणि कानपूरच्या आयआयटीतील बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिल्याप्रमाणे त्या स्फुरदामुळे पृष्ठभागावर एक अतिसूक्ष्म संरक्षक पापुद्रा तयार झाला, जो वारंवार भिजण्या-वाळण्याच्या क्रमातच पक्का होत गेला. म्हणजे तो स्तंभ उघड्यावर उभा राहिला, पावसात भिजला आणि वाऱ्याने वाळला, हेही त्याच्या दीर्घायुष्याचे एक कारण ठरले. तलवारीच्या नशिबी हे नव्हते. तलवारीला म्यान होते.

म्यान म्हणजे लाकडाच्या दोन पातळ फळ्या आणि त्यांवर चामडे किंवा मखमल. पात्याचे रक्षण करण्यासाठी केलेली ही योजना पात्याच्या नाशाचे मुख्य साधन ठरते, हे शस्त्रांची देखभाल करणाऱ्यांना फार पूर्वीच कळले होते. कमावलेल्या चामड्यात आम्लता असते, लाकूड हवेतील ओल शोषून घेते, आणि एकदा आत शिरलेली ओल बाहेर पडण्यास वाट नसते. त्यामुळे मूठ लखलखीत, म्यानावरचे मखमल टवटवीत, आणि आत पात्यावर तांब चढलेली, अशी अवस्था एका पावसाळ्यात होऊ शकते. म्हणून शिलेखान्यांचा जाबता शस्त्र मोजण्यावर संपत नसे. शस्त्र म्यानातून काढून पाहिल्याखेरीज त्याची रुजवात पुरी होत नसे, आणि ते पाहण्याचे काम कारकुनाचे नसून शस्त्रे उजळणाऱ्या शिकलगाराचे होते. जुने, घट्ट झालेले तेल पुसून काढावयाचे. तांबूस ठिपका दिसला तर विटकरीची वस्त्रगाळ पूड तेलात कालवून, चिंधीने, पात्याच्या लांबीच्या दिशेने, जौहर न दुखवता घासावयाचे. पाते उन्हात धरून पूर्ण कोरडे करावयाचे. आणि मग तेलाचा नुसता हात फिरवावयाचा, ओघळ येईल इतके तेल नव्हे, कारण अतिरिक्त तेल म्यानात उतरून तेथे धूळ धरते. हे सर्व काम हलक्या बोटांचे आणि चिकाटीचे होते.

या कामाला आपल्याकडे पंचांगात जागा दिली गेली, ही माझ्या मते फार मोठी गोष्ट आहे. खंडेनवमी येते ती आश्विनात, म्हणजे मृगापासून सुरू झालेला पाऊस जेव्हा परतीच्या वाटेला लागलेला असतो, आकाश निवळलेले असते आणि ऊन कडक होऊ लागलेले असते, तेव्हा. चार महिने म्यानात, कोठीत, पेटीत कोंडलेली ओल बाहेर काढण्यास वर्षातील याहून योग्य दिवस शोधूनही सापडणार नाही. शस्त्रपूजेचा धार्मिक व क्षात्र अर्थ मी कमी लेखीत नाही. परंतु पूजेसाठी शस्त्र बाहेर काढावे लागते, पुसावे लागते, उजेडात पाटावर मांडावे लागते, आणि या तीन क्रियांनीच गंजाचा वर्षाचा हिशेब तपासला जातो.

नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथे तर हा क्रम वार्षिक न राहता दैनंदिन झाला आहे. गुरू गोविंदसिंगजींचे 1708 मध्ये येथे देहावसान झाले. आजची वास्तू महाराजा रणजितसिंगांच्या साहाय्याने 1832 ते 1837 या काळात उभी राहिली. आणि तेथे जतन केलेल्या शस्त्रांचे दर्शन दररोज सायंकाळी भाविकांना घडविले जाते. दिवाळीच्या सुमारास तख्तस्नानाचा सोहळा होतो; त्या वेळी गोदावरीचे पाणी घागरींतून मिरवणुकीने आणतात, तख्त धुतले जाते आणि शस्त्रांची साफसफाई होते. जे लोखंड रोज डोळ्यांसमोर येते त्याच्या पोटात गुप्तपणे गंज वाढणे जवळजवळ अशक्य आहे. शस्त्रे घडविणाऱ्या व उजळणाऱ्या सिकलीगरांची वस्तीही नांदेडात आहे, आणि तलवारींचा जमाना संपल्यावर त्यांच्या हातांत विळे, सुऱ्या, कुलपे, बादल्या आल्या, तरी लोखंडाशी असलेले त्यांचे नाते तुटले नाही.

काढून पाहणे ही या विद्येची एक बाजू झाली. जे काढून पाहता येत नाही त्याचे काय करावे, ही दुसरी. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मराठ्यांच्या राज्यात लेखी स्वरूपात मिळते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे 1715-16 च्या सुमारास, गडकोटांच्या बंदोबस्ताची जी कलमे आहेत त्यांत पावसाळ्यापूर्वी तोफांना व दरवाजांना तेल-मेण द्यावे, तोफांच्या कानांत मेण भरावे आणि वरून आच्छादन घालावे, अशा आशयाची ताकीद आहे. दारूच्या साठ्याविषयीही, तो ठरावीक दिवसांनी बाहेर काढून त्यास ऊन देऊन पुन्हा बंद करावा, असे सांगितले आहे. तोफेचा कान म्हणजे बत्ती देण्याचे ते अरुंद छिद्र. हात आत जात नाही, चिंधी आत जात नाही, पण पावसाचे पाणी मात्र जाते. अशा पोकळीचे रक्षण तीत मेण भरून करावे, हा विचार मोटारीच्या कारखानदारांना सुचण्याच्या सुमारे अडीचशे वर्षे आधी पन्हाळा-विशाळगडाच्या मुलखात राज्यकारभाराचा नियम म्हणून लिहिला गेला, हे वाचताना मला दरवेळी अमात्यांच्या सूक्ष्म दृष्टीविषयी आदर वाटतो.

आता मोटारीकडे येऊ. आसफजाही राज्यात मोटार आली ती राजवैभवाचे अंग म्हणून. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी मागविलेली, बार्करच्या कारखान्यात देह घडविलेली पिवळी रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट त्यांच्या 1911 मधील मृत्यूनंतर हैदराबादेस पोहोचली, सातव्या निजामांच्या खास स्वारीसाठी राहिली, फार थोडी धावली, आणि पुढे अनेक वर्षे पडून राहिल्यावर जीर्णोद्धार होऊन आता चौमहल्ला राजवाड्यात पाहावयास मिळते. किंग कोठीच्या आवारातील इतर कित्येक मोटारींचे दैव इतके चांगले नव्हते. 1967 मध्ये मीर उस्मान अली खान निवर्तले, त्या वेळी त्यांतील बहुतेक नादुरुस्त होऊन उभ्या होत्या. सामान्य रयतेच्या वाट्याला मोटार आली ती 1932 च्या जून महिन्यात, निजाम रेल्वेने रस्ता-वाहतुकीचे खाते उघडून 27 बसगाड्या सुरू केल्या तेव्हा. त्या बसगाड्या स्कॉटलंडातील अल्बियन कंपनीच्या होत्या. मराठवाड्यातील हीच सरकारी वाहतूक राज्यपुनर्रचनेनंतर महाराष्ट्राच्या एसटीत 1961 साली विलीन झाली.

त्या काळच्या मोटारींची घडण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. खाली पोलादी चेसी, उघडी, आडव्या-उभ्या तुळयांची. तिच्यावर लाकडाचा सांगाडा. आणि त्यावर ठोकलेला पत्रा. कारागिराला गाडीखाली आडवे होऊन चेसीचा बहुतेक भाग पाहता येई, दिव्याच्या उजेडात बोटाने चाचपता येई, रंग गेलेला दिसला तर शेंदूर व जवसाचे तेल यांच्या मिश्रणाचा थर देता येई. पुलांच्या लोखंडावर देत तेच हे मिश्रण. लाकूड कुजे, खिळ्यांभोवती पत्रा सडे, हे खरे. पण गंजाला दडून बसण्यासारख्या जागा थोड्या होत्या.

बदल झाला तो पत्रा दाबून, वाकवून, त्याच्याच पोकळ पेट्या जोडून संपूर्ण गाडी उभारण्याच्या पद्धतीमुळे. लान्सियाने 1922 मध्ये आणि सिट्रोएनने 1934 मध्ये दाखविलेल्या या वाटेवर दुसऱ्या महायुद्धानंतर सारा उद्योग चालू लागला, आणि हौशी लोकांच्या वेगवान गाड्याही तिला अपवाद राहिल्या नाहीत. जग्वारची एक्सके 120 ही गाडी 1948 मध्ये प्रथम दिसली तेव्हा तिचा देह लाकडी चौकटीवरील ॲल्युमिनियमचा होता; अशा सुमारे 240 गाड्या झाल्यावर मागणी इतकी वाढली की पुढील गाड्या पोलादी पत्र्याच्या काढाव्या लागल्या. 1961 ची ई-टाइप आणि 1962 ची एमजीबी यांत तर चेसीच गळाली आणि गाडीचे सारे बळ दरवाजांखालच्या पायदानात, म्हणजे दोन-तीन पत्रे एकमेकांना जोडून केलेल्या बंद नळीत, एकवटले. वजन कमी झाले, वेग वाढला, रूप खुलले. आणि म्यानाचा जुना दोष नव्या रूपाने परत आला: बळ ज्या ठिकाणी, पोकळी त्याच ठिकाणी, आणि त्या पोकळीच्या आतल्या अंगाला रंग पोहोचण्याची सोय नाही.

आत काय घडते, याचा उलगडा केंब्रिजच्या यूलिक इव्हान्स यांनी 1920 नंतरच्या दशकात केला. लोखंडावर पाण्याचा एक थेंब ठेवला तर गंज थेंबाच्या कडेला दिसतो; परंतु लोखंड झिजते ते थेंबाच्या मध्याखाली, जेथे प्राणवायू सर्वांत कमी पोहोचतो तेथे. म्हणजे जेथे हवा कमी तेथे धातू खर्ची पडतो. हे एक सूत्र ध्यानात घेतले की गाडीच्या पोटातील सारी उलथापालथ समजते. दोन पत्र्यांमधील सांध्यात, दाराच्या खालच्या दुमडीत, मडगार्डाच्या आतल्या ओठावर चिकटलेल्या मातीच्या पोळ्याखाली, गालिच्याखाली ओल्या राहिलेल्या तळाच्या पत्र्यावर, दिव्यामागच्या खोबणीत गंज आधी धरतो, याचे कारण तेच. व्हर्नन या इंग्रज संशोधकाने याच काळात दाखविले की हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे 60 टक्क्यांच्या वर गेली की गंजण्याचा वेग एकाएकी वाढतो. आपल्याकडे श्रावण-भाद्रपदात हवा कित्येक दिवस या मर्यादेच्या वरच असते. आणि पैनगंगेकाठची काळी माती मडगार्डात एकदा बसली की बाहेर ऊन पडल्यावरही आतून ओली राहते. मुंबईच्या गाडीला समुद्राचे मीठ खाते, हे सर्वांना ठाऊक आहे. मराठवाड्याच्या गाडीला तिच्या पोटात साठलेली माती खाते, हे मात्र गाडी विकत घेताना कोणी पाहत नाही.

हिमायतनगर-हदगावच्या रस्त्यांवर ई-टाइप धावल्या असे मी म्हणणार नाही. येथे आल्या त्या जीपा, फियाट आणि अँबॅसडर. पण धडा तोच. युद्धकाळातील विलीज जीपच्या तळाखाली आधारासाठी टोपीच्या आकाराच्या पोलादी पट्ट्या जोडलेल्या असत आणि त्यांच्या पोकळीत लाकडी ठोकळे बसवीत. ते लाकूड पाणी पिऊन बसे आणि जीपचा तळ वरून शाबूत दिसत असता खालून सडून जाई. फियाट 1100, जी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात 1954 पासून तयार होऊ लागली आणि जिला 1974 मध्ये पद्मिनी हे नाव मिळाले, ती चेसीवाचूनची, पेट्यांच्या बळावर उभी असलेली गाडी. तिची शेवटची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून 2023 च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली, ती वयोमर्यादेच्या नियमामुळे. परदेशी गाड्यांच्या आयातीवर कडक निर्बंध असल्यामुळे आपल्याकडे एक गाडी दोन-दोन पिढ्या वापरावी लागे, आणि त्या सक्तीतून पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिरांची एक पिढी तयार झाली. जाणता कारागीर गाडीचा रंग पाहत नाही. तो पायदानावर बोटाच्या सांध्याने ठोकतो आणि नाद ऐकतो. शाबूत पत्रा खणखणतो, सडलेला दबका बोलतो. तो चुंबक फिरवितो. जेथे चुंबक धरत नाही तेथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. तो टोच्याने जॅक लावण्याच्या जागेवर दाब देतो. रंगाला उठलेला हरभऱ्याएवढा फुगा त्याला पुरेसा असतो, कारण गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पटींनी मोठे असल्यामुळे आतून बाहेर आलेला फुगा हा रोगाचा आरंभ नसून शेवट आहे, हे तो जाणतो.

या कारागिरांपैकी सगळेच प्रामाणिक होते असे नाही, आणि त्यांच्याकडून घाईने काम करवून घेणारे मालकही निर्दोष नव्हेत. सडलेल्या भागावर पुट्टी थापून वर चकचकीत रंग मारला की गाडी विकली जाते. परंतु पुट्टी ओल धरते आणि तिच्याखाली उरलेला चांगला पत्राही लवकरच जातो. तीच गोष्ट गाडीच्या पोटाला फासलेल्या जाड डांबरी लेपाची. नव्या, कोरड्या पत्र्यावर तो उपकारक. जुन्या पत्र्यावर, मातीचा थर न काढता दिला तर त्याला काही वर्षांत तडे जातात, पाणी तड्यांतून शिरते आणि लेपामागे सुखाने नांदते. हौसेने घेतलेली जुनी गाडी प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली गच्च गुंडाळून वर्षभर उभी करणे, हा तर सर्वांत प्रचलित आणि सर्वांत घातक प्रकार. रात्री पत्रा निवतो, आतल्या हवेतील ओल त्यावर दवासारखी जमते, आणि बाहेर पडण्यास वाट नसते.

पाश्चात्त्य कारखानदारांनी या प्रश्नाचे उत्तर दोन अंगांनी शोधले. 1959 मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथे कर्ट झीबार्ट या पत्रा-कारागिराने गाडीच्या बंद पेट्यांना ठरावीक जागी भोके पाडून, नळीने आत गंजरोधक द्रव्य फवारून, भोके रबरी बुचांनी बंद करण्याची पद्धत रूढ केली. पुढे मेणयुक्त द्रव्ये आली, जी पातळ स्थितीत सांध्यात शिरतात, जागच्या जागी घट्ट होतात आणि तरीही मऊ राहिल्याने तडकत नाहीत. दुसरे अंग जस्ताचे. जस्ताचा थर लोखंडाऐवजी स्वतः झिजतो, हे तत्त्व सोरेल या फ्रेंच माणसाने 1837 मध्ये पेटंट घेऊन व्यवहारात आणले होते. पोर्शेने आपल्या 911 या गाडीचा देह 1976 सालापासून जस्तलेपित पोलादाचा केला आणि गंज लागणार नाही अशी सहा वर्षांची हमी दिली. या सुधारणा मोलाच्या आहेत. परंतु माझा अनुभव व अभ्यास मला असे सांगतो की, यांपैकी कोणतीही गोष्ट उघडून पाहण्याच्या शिस्तीची जागा घेऊ शकत नाही. अमात्यांच्या आज्ञापत्रात मेण भरण्याचा आणि ऊन देण्याचा असे दोन्ही हुकूम आहेत. आधुनिक मालक पहिला पाळतो आणि दुसरा विसरतो.

एसटीच्या आगारांत, ट्रॅक्टरच्या शेडमध्ये, गावोगावच्या गॅरेजांत आजही खंडेनवमीला गाडी धुऊन तिला झेंडूचा हार घालतात. ज्यांच्या वाड्यात आजोबांची फियाट, वडिलांची जीप किंवा दैवयोगाने हाती आलेली एखादी एमजी अथवा जग्वार उभी असेल, त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी हा दिवस हारापाशी थांबवू नये. त्या सकाळी गालिचे व पायपुसणी उचलून तळ उघडा करावा. मडगार्डाच्या आतली माती लाकडी पट्टीने खरवडून मग पाण्याने धुवावी. दारांच्या आणि पायदानांच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली बारीक भोके तारेने मोकळी करावीत, कारण बहुतेक गाड्यांत ती रंगाने किंवा चिखलाने बुजलेली असतात. सर्व दारे व डिकी उघडी ठेवून दोन दिवस आश्विनाचे ऊन द्यावे. आणि पोकळ्या पूर्ण कोरड्या झाल्याची खात्री झाल्यावरच त्यांत मेण फवारावे. ओल्या पोकळीत मेण भरू नये, आणि गाडीवर आच्छादन घालावयाचे तर ते सुती घालावे.